‘येते’ म्हणणारं ऍड-ऑन

हे खरं घडलंय. कुणाला पटवून द्यायची ताकद आता माझ्यात नाही, म्हणून एकदाच सांगतो.

जागा जालना, मस्तगड भागातलं आमचं घर. अशा गोष्टी रात्री घडतात म्हणे. आमच्याकडे एप्रिलच्या भर दुपारी घडली, लाइट गेलेली असताना.

मी बुद्धभूषण. वेबसाइटच्या थीम बनवतो, म्हणजे साइटचे तयार कपडे शिवतो म्हणा. गल्लीत मात्र मी कॉम्प्युटरवाला. लोक बिघडलेले प्रिंटर घेऊन दारात येतात.

या कामात ब्राउझरला बरीच ऍड-ऑन, म्हणजे छोटी जादा अवजारं, जोडावी लागतात. रंग ओळखणारं, मापं काढणारं, तुटलेल्या लिंक शोधणारं. एक मात्र मी स्वतः बनवलं होतं. ज्यांना दिसत नाही त्यांना आपली साइट कशी ऐकू येईल, हे तपासणारं.

मशीनचा आवाज मराठीची पार वाट लावतो. म्हणून मी बायकोचा आवाज घेतला. दीपमालाचा.

थोडेच शब्द होते. पान उघडलं की ‘उघडलं’. रकाना मोकळा असला की ‘रिकामं आहे’. आणि पान बंद केलं की ‘जाते’.

पण ‘जाते’ म्हणायला ती तयारच होईना.

"तुमचं काय बी असतं. घरातून निघताना कुणी ‘जाते’ म्हणतं का? मी ‘येते’ म्हणीन."

"अगं, ते पान बोलतंय. तू नाही."

"आवाज तर माझा हाय ना?"

शेवटी तिचंच खरं झालं. पान बंद केलं की ते म्हणायचं, "येते." मला दर वेळी हसू यायचं.

मागच्या हिवाळ्यात ती शहागडला मावशीकडे निघाली. दारात चप्पल घालताना म्हणाली, "येते."

हायवेवर ट्रकनं ती बसलेल्या रिक्षाला उडवलं.

फोनचा चुराडा झाला. तिचा आवाज उरला तो फक्त त्या ऍड-ऑनमध्ये.

मी रडलो नाही. रडू येतच नव्हतं. दिवसभर पानं उघडायचो आणि बंद करायचो, एवढंच. माझी आई, सोनूबाई, शेजारी भिंतीला टेकून ऐकत बसायची.

एप्रिलमध्ये ब्राउझरचं अपडेट आलं आणि जुन्या पद्धतीची ऍड-ऑन चालेनाशी झाली. आमच्या ऍड-ऑनचं चिन्ह करडं पडलं. मी पान बंद केलं...

काहीच नाही.

दुरुस्त करता आलं असतं. माझा हातच चालेना.

त्याच दुपारी लाइट गेली. थोड्या वेळानं बॅटरी उतरून लॅपटॉपही बंद पडला. मी खाटेवर पडलो होतो. स्वयंपाकघरात आईनं पिठाचा डबा उघडला. झाकणाचा आवाज मला ऐकू आला.

आणि मग...

"रिकामं आहे."

मी उठून आत गेलो. आई डब्यात बघत उभी होती. डबा खरंच रिकामा होता.

"काय म्हणून राह्यली रे ती?" आई हळूच म्हणाली. "तू बी ऐकलं ना?"

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेरचं दार उघडलं...

"उघडलं."

दारात कुणी नव्हतं. दीपमालाच्या जुन्या चपला कोपऱ्यात होत्या, तशाच होत्या.

संध्याकाळी खिडकी लावली...

"येते."

मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. माझ्या आत काही हललंच नाही.

आईचं मात्र भलतंच सुरू झालं. ती जेवायला तिसरं ताट वाढायला लागली आणि स्वतःचं ताट झाकून दाराशी बसायला लागली.

"आई, जेव ना."

"तू घे जेवून. ती ‘येते’ म्हणून राह्यली ना? मंग येईलच की. मी तिच्यासंगं जेवते."

"ती नाहीये आई."

"नसलेलं माणूस बोलतं का?"

रोज भाकरी वाळायची. आईही वाळत चालली. दीपमालाच्या आवाजापायी मी आईलाही घालवून बसणार, हे मला दिसत होतं.

म्हणून एका दुपारी मी लॅपटॉप उघडला. आधी रेकॉर्डिंगच्या फाइली पुसल्या. मग ऍड-ऑनवर गेलो आणि ‘काढून टाका’ दाबलं. ब्राउझरनं विचारलं, नक्की? मी हो म्हणालो.

चिन्ह गेलं.

खोलीत काहीच आवाज नव्हता. गल्लीतलाही नाही...

मग माझ्या कानाच्या अगदी मागून...

"जाते."

हा शब्द तिनं कधीच रेकॉर्ड केला नव्हता. ते सगळं रेकॉर्डिंग मी स्वतः कापून घेतलं होतं. त्यातला तिचा श्वासही मला पाठ आहे. हा शब्द त्यात नव्हता.

आवाज रागावलेला नव्हता. दमलेला होता.

तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून धावत आली. इतक्या महिन्यांत तिचा चेहरा मी असा पाहिला नव्हता.

"ऐकलं का रे? आत्ता बिलकुल कानापाशी म्हणली. ‘येते’ म्हणली."

मी डोळे पुसले.

त्यानंतर घरात तो आवाज आलेला नाही. डबा उघडा, दार उघडा, काही नाही. आई अजून तिसरं ताट वाढते आणि दाराला कडी लावू देत नाही.

आमच्यापैकी कुणी चुकीचं ऐकलं, मला माहीत नाही. मी काय ऐकलं ते तिला अजून सांगितलेलं नाही.

आई झोपल्यावर कडी लावता येईल मला. रोज दारापर्यंत जातो आणि तसाच परत येतो.