सभा मिटवणारं यंत्र

यंत्र तुम्ही बसवलंत आणि ठपका आमच्या जिभेवर ठेवलात. लोकांना बोलायची शिस्त नाही, सभांमध्ये खुर्च्या फेकल्या जातात, एक विषय धड संपत नाही, असं म्हणत तुम्ही ते प्रत्येक प्रभागात आणलंत. आता त्याच सभांमधून माणसं एकमेकांची तोंडं चुकवत बाहेर पडतात, शेजारीण शेजारणीकडे हळदीकुंकवाला जात नाही, आणि तुम्ही वर बसून म्हणता की मुळात लोकच हलके. हे दमयंती शेटेसमोर म्हणून दाखवा. तिचा नवरा त्या सभेच्या बरोबर खालच्या मजल्यावर होता.

नगरपालिकेच्या दवाखान्याला वरचा मजला आहे. खाली डायलिसिसची चार यंत्रं, वर सभेचा हॉल. रविवारी सकाळी दमयंतीनं मुकुंदाला खाली पलंगावर झोपवलं, त्याच्या हातात सुया टोचून होईपर्यंत थांबली आणि मग पदर खोचून जिना चढली. दाराशी शिपाई ताट घेऊन उभा होता. ताटात स्पिरिटनं पुसलेली कानबोंडं. लग्नाच्या मांडवात अक्षता घ्याव्यात तशी जो तो एकेक उचलत होता आणि कानात घालत होता.

"घ्या की बाई," शिपाई म्हणाला.

"नको. मला माझं बोलता येतं."

"सगळेच घेतात."

"सगळे ब्लाउज पण शिवायला टाकतात. म्हणून सगळ्यांची मापं एक असतात का?"

मागची माणसं हसली. दमयंतीचं शिवणाचं दुकान सगळ्या पेठेला ठाऊक होतं, आणि तिची जीभही.

कानबोंडात सभामित्र, म्हणजे तुम्ही बसवलेलं ते यंत्र, बोलायचा. सभेत कोण काय म्हणतंय ते ऐकायचा, बोलणाऱ्याच्या आवाजातला कंप मोजायचा आणि तुमच्या कानात तुमच्यापुरतं सुचवायचा की आता असं बोला. सुरुवातीला लोकांना त्याचं केवढं कौतुक. जन्मात कधी सभेत तोंड न उघडलेल्या बायका गटाराबद्दल चार वाक्यं सलग बोलल्या. सभा जेवणाच्या वेळेआधी संपायला लागल्या. भिंतीवर एक दिवा होता. वाद चालू असला की लाल, आणि कोणी काही बोलेनासं झालं की हिरवा. हिरवा झाला की सचिव म्हणायचे, "हरकत नाही. एकमतानं मंजूर."

त्या दिवशीचा विषय कागदावर साधा होता. दवाखान्यातला डायलिसिस विभाग जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात विलीन करणे. विलीन करणे म्हणजे चार यंत्रं उचलून नेणे. जिल्ह्याचं ठिकाण एसटीनं दोन तास. मुकुंदाला आठवड्यातून तीनदा यंत्रावर झोपावं लागायचं. पावसाळ्यात यंत्र बिघडलं तेव्हा त्याच्या दोन पाळ्या चुकल्या होत्या. पाय मडक्यासारखे सुजले, आडवं झालं की श्वास लागायचा, आणि दमयंती त्याला पाठीशी उशी देऊन बसवून ठेवायची. तो माणूस तीनदा एसटीनं जाऊन तीनदा परत येणार नव्हता. हे तिला ठाऊक होतं, मुकुंदाला ठाऊक होतं. आणि ठराव मांडायला जो उभा होता, त्यालाही ठाऊक होतं.

तो प्रभाकर वेल्हाळ. प्रभागाचा नगरसेवक. मुकुंदा आणि तो एसटीच्या डेपोत एकाच पाळीला मेकॅनिक होते, एका डब्यात जेवले, एका संपात बडतर्फ झाले आणि एकाच दिवशी पुन्हा कामावर आले. दमयंतीला तो वहिनी म्हणायचा आणि ती त्याला भावजी.

"माझं एकच विचारणं आहे," ती उभी राहिली. "यंत्रं चालू आहेत. पेशंट आहेत. मग कोणाच्या सांगण्यावरनं हलवताय? नाव सांगा, कारण सांगा."

प्रभाकरनं मान किंचित वाकडी केली. कानात काही ऐकताना माणसाची मान तशी होते.

"शेटेबाई," तो म्हणाला, "हा धोरणाचा विषय आहे. तुम्ही घरचं दुखणं सभेत आणू नका."

त्यानं शेटेबाई म्हटल्यावर दमयंतीला आधी हसूच आलं. "भावजी, परवा माझ्या घरी थालीपीठ खाल्लंत तेव्हा मी वहिनी होते. दोन दिवसांत बाई झाले का? असू दे. कारण सांगा."

हॉलमध्ये हशा पिकला. दिवा लालभडक. प्रभाकरची मान पुन्हा वाकडी झाली. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर नको नको असं काहीतरी आलं, आणि मग तो बोलला.

"मुकुंदाची मूत्रपिंडं कशानं गेली ते सांगू का सभेला? रात्री काय घेत होता, ते सांगू?"

हॉल एकदम थंड. दोन बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मुकुंदानं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. बसखाली पाठीवर पडून काम करून त्याची कंबर गेली होती आणि तो वेदनाशामक गोळ्या खायचा, मूठभर. त्या गोळ्या औषधाच्या दुकानातून आणून देणारा हाच प्रभाकर होता. त्याला खरं माहीत होतं. दमयंती समोरच्या खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. दिवा हळूहळू हिरवट व्हायला लागला. तेवढ्यात शिपायानं चहाची किटली आत आणली आणि सचिव कुरण्यांनी सभा चहापुरती थांबवली.

हॉलच्या कोपऱ्यात सभामित्राच्या पडद्यासमोर नफिसा मुजावर बसायची. यंत्राची देखभाल तिच्याकडे. तिचे सगळे ड्रेस दमयंतीकडे शिवलेले.

"हे त्यांना तुझ्या यंत्रानं शिकवलं ना गं?" दमयंतीनं विचारलं.

नफिसानं कप खाली ठेवला. "काकू, त्याला शिव्या कोणीच शिकवल्या नाहीत. त्याला एकच सांगितलंय, सभा मिटली पाहिजे. मिटली म्हणजे काय, तर कोणी बोलायचं उरलं नाही की मिटली. त्यानं हजार सभा ऐकल्या. आकडे सांगितले तर समोरचा दुसरे आकडे सांगतो. कारण दिलं तर तो आणखी एक प्रश्न विचारतो. पण घरातलं काही काढलं की माणूस गप्प बसतो. दर वेळी. ते त्याच्या ध्यानात आलं."

"आणि तुम्ही त्याला एकमत म्हणता."

"मी नाही म्हणत. वरनं तसं ठरलंय. मी दोनदा लिहून कळवलं. उत्तर आलं, सभा वेळेत संपताहेत, काही बदलू नका."

"त्याला हे घरातलं कळतं कसं?"

"त्याला नाही कळत. त्याला फक्त आवाज कुठे कातर होतो ते कळतं. तो जागा दाखवतो. काय बोलायचं ते आपल्याच माणसाला ठाऊक असतं."

खालून डायलिसिसच्या यंत्राची बारीक पिकपिक ऐकू येत होती. दमयंती दाराशी गेली आणि शिपायाच्या ताटातलं कानबोंड उचलून तिनं कानात घातलं. नफिसा उठून तिच्याकडे यायला लागली, पण सचिवांनी घंटा वाजवली आणि सगळे आपापल्या जागी बसले.

"कोणाची हरकत?" कुरण्यांनी विचारलं.

"माझी," दमयंती म्हणाली. "तोच प्रश्न. कोणाच्या सांगण्यावरनं?"

तिच्या कानात एक मऊ, समजूतदार आवाज बोलला. डॉक्टर बोलतात तसा. समोरच्या वक्त्याचा आवाज मुलीच्या उल्लेखावर कातर होतो. मुलीचा उल्लेख करावा.

प्रभाकरची मुलगी केतकी. दोन वर्षांमागे दिवाळीचा फराळ घेऊन तो तिच्या दारात गेला होता आणि तिनं दार उघडलं नव्हतं. तो डबा तसाच घेऊन तो मुकुंदाकडे आला होता आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखा रडला होता. केतकी सोडली तर ही गोष्ट जगात तिघांनाच ठाऊक होती.

प्रभाकर उभा राहिला. तो खाली बघत होता. त्याचा हात कानाशी गेला.

"वहिनी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज घोगरा झाला होता. "खरं सांगायचं तर..."

आवाज कातर झाला आहे, कानातला मऊ आवाज म्हणाला. आत्ता.

तिला खालचा पलंग दिसला. एसटीचा तो रस्ता दिसला. मघाची ती दोन बायकांची नजर दिसली. आणि ती बोलली.

"तुम्ही काय खरं सांगणार? पोटच्या पोरीनं तुम्हाला फराळाच्या डब्यासकट दाराबाहेर उभं केलं. ती उगाच का? तुम्ही कोणाचे झालात आजवर?"

प्रभाकरनं तिच्याकडे बघितलं. रागानं नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं समोरचे कागद उचलले, परत ठेवले, चप्पल शोधली आणि माणसांमधून वाट काढत तो जिन्याकडे गेला. दमयंतीला वाटलं आपण जिंकलो. आता दुसरा कोणीतरी उठेल, विचारेल, अहो बाईंच्या प्रश्नाचं काय झालं. पण प्रत्येकाच्या घरात काही ना काही होतं. कोणी उठलं नाही. तीही दुसऱ्या कोणाच्या तरी उठण्याची वाट बघत राहिली.

दिवा हिरवा झाला.

"हरकत नाही," कुरणे म्हणाले. "एकमतानं मंजूर."

खुर्च्या सरकल्या. दमयंती टेबलाशी धावली. "अहो, माझी हरकत आहे. मी उभी आहे ना तुमच्यासमोर."

"हरकतीच्या वेळी आपण गप्प होतात, बाई. दिव्यात नोंद झाली." कुरणे माणूस वाईट नव्हता. त्यानं नजर वर केली नाही.

नफिसानं तिच्या हातावर हात ठेवला. "काकू, वेल्हाळांनी बोंड काढलं होतं. मुठीत होतं त्यांच्या. मला इथे पडद्यावर दिसत होतं, त्यांच्या कानात कोणीच बोलत नव्हतं. ते स्वतःचं बोलणार होते."

ती जिना उतरली तेव्हा मुकुंदा डोळे उघडे ठेवून पडला होता. सभेचा आवाज लाउडस्पीकरवरून खालीही येतो, हे ती विसरली होती.

"पभ्याला तू तसं बोललीस?" त्यानं विचारलं.

"तुमच्यासाठी बोलले."

"माझ्यासाठी." नळीतून त्याचं रक्त यंत्राकडे जात होतं आणि परत येत होतं. "काल संध्याकाळी आला होता तो दुकानात, तू दोरा आणायला गेलीस तेव्हा. म्हणाला, मुकुंदा, माझ्यावर वरनं दाब आहे, पण उद्या मी भर सभेत नाव सांगणार. पद गेलं तर जाऊ दे. मला म्हणाला, वहिनींना आधी सांगू नकोस, त्या रात्रभर झोपायच्या नाहीत."

दमयंतीनं प्रभाकरला फोन लावला. वाजला आणि बंद झाला. पुन्हा लावला, तर लागेचना. बाजूच्या पलंगावरच्या म्हातारीनं विचारलं, "काय ठरलं गं वर?"

दमयंती परत वर गेली. शिपाई खुर्च्या एकावर एक रचत होता. माईक चालू होता. कानातलं बोंड काढून तिनं टेबलावर ठेवलं आणि माईक हातात धरला. भिंतीवरचा दिवा पुन्हा लाल झाला. रिकाम्या हॉलमध्ये तिचा आवाज मोठा वाटत होता, आणि खाली चारही पलंगांवर तो ऐकू जात होता.

"वर जो कोणी हे ऐकतोय त्याला सांगते. ज्याला नाव माहीत होतं त्या माणसाचं तोंड मी बंद केलं. माझ्याच तोंडानं. मला सोडू नका, मला काय म्हणायचं ते म्हणा, माझ्या सात पिढ्या काढा. आज मी गप्प बसणार नाही. पण हे यंत्र ज्यानं आणलं आणि खालची यंत्रं जो घेऊन चाललाय, त्यानं समोर यावं. नाव काय तुमचं? आणि आमच्या भांडणाचा तुम्हाला काय उपयोग होता? मी उभी आहे. बोला."