गाडी उठेपर्यंत

कंदील जवळ घे अन् ऐक. त्या पहाटे मी विरजण मागायला निघाले होते, बाकी काही नाही. मावला गावात आमच्या अन् शेजारच्या व्यंकटरावांच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत. तिच्यावरून वाटी जायची, भाजी जायची, बातमी तर जायचीच. आपला जिल्हा आंध्रात होता तेव्हाची गोष्ट. पौषातली थंडी अशी, की बाटलीतलं खोबरेल दगड झालेलं.

व्यंकटरावांची डिझेल जीप उटनूरच्या एका ऑफिसला भाड्यानं लागली होती. साहेब उजाडताच तयार, अन् जीप थंडीत उठायची नाही, म्हणजे चालूच व्हायची नाही. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते ना. आतली हवा तापवायला चार हीटर प्लग असतात. त्यांची टोकं लाल झाली की इंजिन उठते. व्यंकटरावांनी ते कधी खोलून पाहिले नाहीत. घरात बायको होती. पद्मिनी अंधारातच उठायची, चुलीतले इंगळ घमेल्यात भरायची, घमेलं इंजिनाखाली सारायची अन् गुडघ्यांवर बसून फुंकत राहायची.

“गाडी उठेपर्यंत हलायचं नाई,” हे तिला लग्नाच्या पहिल्याच हिवाळ्यात शिकवलं होतं.

मी भिंतीवरून वाटी पुढं केली. म्हटलं, “पद्मे, माझे तर पाय बर्फ झाले व.”

ती हसली. धुरानं डोळे लाल झालेले. “तुमच्या खाटंखाली आणून ठेवू का काकू घमेलं?”

“ठेवशील, ठेवशील. पहिले ह्या डिझेलच्या म्हशीला तर उठव!”

त्याच आठवड्यात नळीतून डिझेल गळलं, भडका झाला अन् तिचा पदर पेटला. किंकाळी ऐकून मी धावले. व्यंकटरावांनी पहिले जीप मागं ढकलली. मग पाणी आणलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

तिचं तेरावं झालं. व्यंकटराव पुन्हा कामावर निघाले, अन् कडाक्याच्या थंडीत जीप एका चावीत उठली. मी भिंतीशी होतेच. जीप हलली तशी खाली राखेचा गोल दिसला, घमेल्याच्या बुडाएवढा. राखेच्या कडेला दोन गुडघ्यांचे ठसे. वास धुराचा होता... अन् त्यात जळक्या लुगड्याचा.

“कोणी पेटवलं हो हे?”

व्यंकटराव हसले. “बाई गेली काकू, कामाची सवय नाई गेली.”

मग रोज तेच. रोज राख, रोज गुडघे. मेल्यावरही पोरीची सुटका नाही म्हणजे काय?

फकिरा मिस्त्री ऑइल बदलायला आला, तसा मी त्याला गाठला, म्हटलं गाडी आपली आपण उठली पाहिजे. त्यानं हीटर काढले, एकेकाला बॅटरीची वायर लावून पाहिली. टोक काळंच. दुसरं काळं... तिसरं... चौथंही.

“चारही मेले मावशी. टोक लाल झालं तरी माणूस हीटरचं बटन दाबूनच बसते, मंग आतली तार जळते. हिवाळ्याच्या आधी एकदा असं लावून पाह्यलं असतं तरी कळलं असतं.” मग त्याचा आवाज खाली गेला. “पण मावशी... ही गाडी उठून कशी राह्यली?”

व्यंकटराव ओट्यावरून ओरडले, “काऊन बदलता? फुकटात उठते ना!”

माझ्या खर्चानं, मी म्हटलं, तेव्हा कबूल झाले. बसवायच्या आधी फकिरानं नवा हीटर वायरीला लावून दाखवला. टोक कुंकवासारखं लाल झालं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना मी भिंतीशी उभी. जीपेखाली कोणी नव्हतं. फुंकर मात्र ऐकू येत होती... हळू... थांबून... पुन्हा.

“पद्मे,” मी म्हटलं, “बस झालं व. आता हिला तुझी गरज नाई. तू जाय.”

फुंकर थांबली. व्यंकटराव आले, बटन दाबलं, चावी फिरवली, गाडी उठली. खाली राख नव्हती. मी घरी येऊन देवापुढं साखर ठेवली.

त्याच्या पुढच्या सकाळी ऊन अंगणात आलं तरी व्यंकटराव उठले नाहीत. दार आतून लावलेलं. फकिरानं पहारीनं काढलं. खाटेखाली घमेलं होतं. वरची नवार जळून गेलेली, अन् पाठ... नको, ते नको सांगायला. डॉक्टर म्हणाला, बंद खोलीत इंगळाच्या धुरानं जीव मध्यरात्रीच गेला असेल. असेल. पण आम्ही दार काढलं तेव्हा इंगळ लालबुंद फुललेले होते, आत्ताच कोणी फुंकल्यासारखे.

यंदा थंडी जास्त आहे. दोन घोंगड्या घेतल्या तरी माझे पाय बर्फच. आज पहाटे मात्र जाग आली तेव्हा पाय छान गरम होते. दार आतून लावलेलंच होतं. दिवसभर मी खाटेखालचा केर काढला नाही.

कंदील दे इकडं... नको. तूच वाक.