डेकखालचं कनेक्शन

जावई वायरमन असला की सासुरवाडीत त्याच्या हातात चहाच्या आधी टेस्टर येतो. या जावयाचं तेच झालं होतं. सासूबाईंच्या मागच्या दारी लाकडी डेक होता, त्यावरून बागेत उतरायला पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीच्या पोटात एक छोटा दिवा. हे दिवे त्याने मोठ्या हौसेने बसवले होते. उंदीर तितक्याच हौसेने त्यांच्या वायरी खात होते.

हसण्यावारी नेण्यासारखंच होतं ते. मग एका संध्याकाळी दिवे गेले, सासूबाईंची पायरी चुकली आणि गुडघा फुटला. मेहुण्याने जाहीर केलं, की आई आणखी एकदा पडली तर तिला उचलून आपल्या अकराव्या मजल्यावरच्या घरी नेणार. त्या घरात उघड्यावर म्हणण्यासारखी एकच जागा होती, कपडे वाळत घालायची, आणि तिथे माणसाने बसायचं तर त्याला चिमटे लावावे लागले असते. सासूबाई निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी डेकवर बसत. काही करत नसत, नुसत्या बसत. त्यांनी जावयाला एवढंच विचारलं, "दिवे राहतील ना?"

जावयाने शब्द दिला.

विष घालायचं नाही, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. पिंजऱ्याकडे कोणी फिरकेना. शेवटी त्याने वायर लोखंडी पाइपात घातली, पाइपाची तोंडं भांड्यांच्या तारेच्या घासणीने गच्च बुजवली आणि वरून सिमेंट थापलं. आठवड्याने दिवे गेले. घासणी जागच्या जागी होती, सिमेंटला ओरखडाही नव्हता, आणि पाइप कापून बघितला तर बरोबर मधोमध वायर कुरतडलेली.

"आतच जन्मला असेल," बायको म्हणाली. तो हसला, पण जरा उशिरा.

नवी वायर, नवा पाइप. पुन्हा तेच, फक्त या वेळी त्याने टॉर्च जवळ धरून नीट पाहिलं. उंदीर खातो तेव्हा चोथा पडतो, लेंड्या पडतात. इथे काहीच नव्हतं. वरचं रबर नखभर लांबीचं, गोल, सफाईने उतरवलेलं. आतलं तांबं लखलखीत. आणि त्या बारीक तारांना एकत्र पीळ दिलेला.

तो बराच वेळ डेकखाली पोटावर पडून राहिला. इतके दिवस आपण धरून चाललोय की कोणीतरी खातंय. कोणी मागत असेल तर? वायर सोलून, पीळ देऊन कोणी समोर ठेवली की वायरमनच्या लेखी त्याचा अर्थ एकच होतो: इथे जोड द्या.

त्याने दिला. जोडपेटीतून वेगळी वायर काढली आणि डेकखाली जमिनीत उंदरांचं बीळ होतं, त्याच्या तोंडाशी सोडली. सासूबाईंना सांगितलं, की खाली भाडेकरू ठेवलेत.

"गडबड करतात का?"

"अजिबात नाही."

"मग राहू देत."

कुरतडणं थांबलं. मेहुणा येऊन सगळे दिवे वाकून वाकून बघून गेला, एकही बंद सापडला नाही. जावयाची कॉलर ताठ झाली. वायर मात्र बिळात जात राहिली. तो येईल तेव्हा हात-दोन हात कमी झालेली असायची. तो गुंडाळीतली आणखी सोडायचा. होता होता अख्खी गुंडाळी गेली, आणि एका संध्याकाळी डेकच्या फळ्यांच्या फटींतून पिवळसर उजेड वर आला. शेजारच्या खोलीत कोणी जागं असल्यावर दाराखालून येतो तसा. सासूबाईंनी पाय खुर्चीवर घेतले. उठल्या नाहीत.

पुढच्याच आठवड्यात दिवेलागणीला सगळ्या गल्लीची वीज गेली. जावई तेव्हा स्वयंपाकघरात होता. तो चाचपडत मागच्या दारी आला.

पायऱ्यांचे दिवे चालू होते.

त्याने बटण बंद केलं. चालूच.

दिव्यांना बारा व्होल्ट देणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या वायरी उपसून हातात घेतल्या. तरी चालू.

तो डेकखाली शिरला, जोडपेटी उघडली, भाडेकरूंची वायर सोडवून तिच्या टोकांना मीटर लावला. वरचे दिवे विझले. मीटरवर बारा व्होल्ट. खालून वर येत होते.

त्याने पक्कड काढली. ही वायर आता कायमची तोडायची.

"जावईबापू," अंधारात वरून सासूबाईंचा आवाज आला. त्या मधल्या पायरीवर उभ्या होत्या. "मला पुढची पायरी दिसत नाहीये."

पक्कड थोडा वेळ हातातच राहिली. मग त्याने ती खिशात घातली, वायर पुन्हा जोडली, नीट पीळ दिला, वर टेप गुंडाळली. दिवे लागले. सासूबाईंची पावलं सावकाश खाली उतरली.

जोड पक्का बसला की नाही, हे बघायला प्रत्येक वायरमन वायर एकदा हलकेच ओढून बघतो. त्याने हात पुढे केला.

त्याआधीच ती खालून ओढली गेली. एकदाच, हलकेच.