अक्कम्माची काच

“माणसाचा उरलेला एकुलता एक चेहरा धुऊन टाकायचा आणि वर कारागीर म्हणून मिरवायचं! असल्याला माफी न्हाई, पोरांनो.”

खजुरी गावच्या रस्त्याकडेला शेकोटीभोवती आम्ही बसलो होतो. राघोबाकाका कुणाला बोलत होते, कळेना.

“काका, भुताची गोष्ट ठरली होती, कीर्तन न्हाई,” जगदेवप्पा म्हणाला.

“तीच सांगायलोय. गप ऐक.

गुलबर्ग्यात श्रीपतराव म्हणून माझा दोस्त. फोटोवाला. एका बंद पडलेल्या स्टुडिओतला जुना लाकडी कॅमेरा त्यानं आणला, सोबत फोटोंच्या काचांची पेटी; तवा फोटो काचेवर उतरायचा. महिनाभर खपला. कॅमेऱ्याच्या कातडी भात्याची भोकं बुजवली, पितळ चिंचेनं घासलं. पण मागची दुधी काच, जिच्यावर समोरचं माणूस उलटं दिसतं, ती फुटलेली. दुसरी मोठी लढाई नुकती संपलेली, बाजारात काच मिळंना. मग पेटीतलीच एक घेतली. वरच्या कागदावर नाव होतं, अक्कम्मा. वाचलं त्यानं. तरी गरम सोड्याच्या पाण्यात टाकली. चेहरा सुटून मोरीत गेला. कोरी काच कुरुंद दगडाच्या पुडीनं घासून दुधी केली, बसवली.

सेहेचाळीस सालची येळअमावस्या, रानातल्या पूजेचा सण. संध्याकाळचे पाच. सगळे शेतात, बाजार सुना. आळंदकडची म्हातारी आली, बसम्मा. ‘अप्पा, जुन्या स्टुडिओतल्या काचा तुमच्याकडं हायत म्हणं. माझी लेक अक्कम्मा पटकीत गेली. तिचा एकच फोटो तिथं काढला होता. आता तिचं तोंड आठवंना झालंय.’

श्रीपतरावानं पेटी उपसल्याचं सोंग केलं. ‘न्हाई सापडत, अव्वा.’”

“खरं का नाही सांगितलं?” मी चिडून विचारलं.

“तुझ्यासारखा कॉलेजात गेला नव्हता बाबा, लगेच खरं बोलायला!”

कुणी हसलं नाही.

“म्हातारी म्हणाली, ‘मग माझाच फोटो काढा. माझ्यावरच गेली होती ती.’

खुर्चीवर बसवलं. श्रीपतरावानं कॅमेऱ्यामागं काळं फडकं डोक्यावर घेतलं. काचेवर म्हातारी उलटी. खुर्ची उलटी. खिडकी उलटी...

खुर्चीमागं एक पोरगी. सरळ.

फडकं फेकलं. समोर म्हातारी एकटी.

पुन्हा पाहिलं. पोरगी जवळ आलेली. काचेला आतून... हात लावायलीय.

‘अप्पा, मी हालू नको न्हवं?’ म्हातारीनं विचारलं.

त्याला सांगायचं होतं. तोंड उघडलं...

‘हालू नका,’ एवढंच म्हणाला. फोटो उतरायची कोरी काच आत सरकवली, भिंगावरची टोपी काढली, तीन मोजले, टोपी लावली.

मग पाहिलं. दुधी काचेत, पोरीनं हात लावला तिथं, तळहाताएवढी जागा लख्ख. आरपार.”

“फोटोत आली ती?”

“न्हाई. एकटी बसम्मा.”

काकांनी शेकोटीत एक काटकी सारली. लाकूड तडकलं.

“जाताना म्हातारीनं त्याचा हात धरला. ‘लई शोधलं माझ्यासाठी. बसवण्णा भलं करील.’ आता तरी सांगावं म्हणून तो मागोमाग दारापर्यंत गेला. ती टांग्यात चढली...

टांगेवाला मागं वळून म्हणाला, ‘अव्वा, लेकीला पायी कामून चालवायलाव? जागा हाय की!’”