डावा कौल

"बाय, देवाला विचारल्याबिगर कुणाला हो म्हणू नको."

मासे खारवता खारवता आई, बायजा, हे कितीदा म्हणायची, आणि केसर हसून "बरं" म्हणायची. आता ते शब्द आठवले की तिची नजर डाव्या हाताकडे जाई.

जाळी रंगवायची उकळती कढई काशीदच्या किनाऱ्यावर त्या हातावर कलंडली, तेव्हा उरणकडचा शिवदास मिठाची होडी रिकामी करत होता. त्याच होडीतून त्याने तिला मुंबईच्या इस्पितळात पोचवलं. वर जखम झाकायला स्वतःची कातडी काढून दिली! थोडे दिवस ती छान बसली... मग काळी पडून गळाली. पुढे डॉक्टरांनी केसरचीच कातडी लावली. ती मात्र धरली.

"देवाच्या अंगावरचं डावं फूल पडलं की नकार," बायजा हळूच म्हणाली. "त्याची कातडी गळाली तो तुझा हातबी डावाच गो. कौल झाला."

आणि आज शिवदास मागणी घालून अंगणात उभा होता. आई पाणी आणायला आत वळली, तशी केसर दाराआडून म्हणाली, "तुमची कातडी माझ्या अंगाला का नको झाली?"

"अंगात पहारेकरी असतात म्हणे. काही जण दिसेल त्या परक्यावर धावतात, तोंडसुद्धा बघत न्हाईत. दुसरे सावकाश येतात, पण तोंड ओळखून ठेवतात. पुन्हा माझी लावली असती, तर आणखी लवकर हाकलली असती."

"डॉक्टर बोलले, का होडीत बसून जुळवलंत?"

"मीठ मी होडीत भरतो, बोलण्यात न्हाय."

"काढली कुठनं?"

"मांडीवरनं. दाखवू?"

"गप बसा." तिने हसू दाबलं, पण संशय गेला नाही. "डॉक्टर हे कधी बोलले?"

तो घुटमळला. "काढायच्या आधी..."

"म्हंजे गळणार हे ठाऊक होतं? आणि मला बोलला न्हाईत?"

"तू घेतली नसतीस."

"मग दिलीत कशाला?"

"तुझी काढण्याएवढी ताकद तुझ्यात नव्हती. तोवर हात उघडा कसा ठेवायचा?"

केसरने पदराखालचा हात हळूच बाहेर घेतला. "आईला शब्द दिलाय. कौल घेईन, पण देवळातला."

"डावा आला तर?"

"पुन्हा विचारीन."

"दुसऱ्यांदा लवकर हाकलतात—"

"ते अंगातले. देव तसा न्हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे न्हाऊन, काही न खाता, केसरने फुलांची परडी डाव्या हातावर घेतली आणि कुणाला न उठवता देवळाची वाट धरली.