साडेतीन मिनिटांचा जनरेटर

शोभेच्या माशांच्या दुकानाचा मालक जगातल्या प्रत्येक विषयावर अधिकाराने बोलत असे. मासे बिचारे ऐकून घेत. गुरुवारी दुपारी वीज गेली, जनरेटर पुन्हा पुन्हा बंद पडला, हवेचे पंप थांबले आणि चाळीस मासे ऐकण्याच्या पलीकडे गेले.

मालकाने लगेच दारावर कागद डकवला : ‘मेकॅनिकबाईंनी आमचे मासे मारले.’ शुक्रवारपर्यंत गल्लीतल्या तीन दुकानांनी जनरेटर दुरुस्त करणाऱ्या त्या बाईला काम देणं थांबवलं. चौथं तुटलं की गॅरेजला कुलूप. म्हणून शनिवारी ती आत्यांकडे आली.

आत्या खासगी चौकशा करत. भाचा वही धरत असे. डोकं धरण्याची वेळ आत्यांवर येई.

“सोमवारी संध्याकाळी कार्ब्युरेटर खोलून धुतला,” मेकॅनिकबाई म्हणाली. “पेट्रोलचं बारीक जेट फुंकून साफ केलं, जुनं पेट्रोल काढून ताजं भरलं. अर्धा तास चालवून दाखवला.”

आत्या दोघांना घेऊन दुकानात गेल्या, तेव्हा मालक खुर्चीतून उठला नाही.

“साडेतीन मिनिटं चालतो, खोकतो, बंद! झाकण उघडून बघतो तर टाकी काठोकाठ. झाकण लावलं की चालू, पुन्हा बंद. पाच वेळा! हिने कार्ब्युरेटरमध्ये घाण ठेवलीय.”

“झाकण उघडताना आवाज यायचा?” आत्यांनी विचारलं.

“सुस्स यायचा. त्यात काय? बाई, माझ्या टाकीतून आता पेट्रोलचा वाससुद्धा वाया जात नाही. ही काटकसर तिला सात जन्मांत जमायची नाही.”

मालकाचा मेहुणा काउंटरवर कोपर टेकून उभा होता. “मी सोमवारी सकाळीच बाहेरगावी गेलो, काल परतलो. आणि मी म्हणतच होतो, नवा जनरेटर घ्या. माझा मित्र विकतो.”

मालकीणबाई वैतागलेल्याच होत्या. “माझ्या लाल नेलपॉलिशची बाटली बुधवारी कुणीतरी उघडी टाकली. ब्रशची काडी झाली! घरात आम्ही दोघंच, विचारलं तर हे म्हणतात, भुतानं केलं.”

दुकानामागच्या अंगणात मेकॅनिकबाईने जनरेटरच्या कार्ब्युरेटरच्या वाटीचा तळाचा स्क्रू सोडला. स्वच्छ पेट्रोल आलं, कण नाही. टाकीच्या झाकणाच्या मधोमध मसुरीएवढा लाल ठिपका होता.

भाचा कुजबुजला, “मेहुणाच! मित्राचा धंदा!”

“तुझंही डोकं साडेतीन मिनिटंच चालतं,” आत्या म्हणाल्या आणि सगळ्यांना मागे बोलावलं.

“पेट्रोल टाकीतून आपल्या वजनाने खाली कार्ब्युरेटरच्या वाटीत उतरतं. जितकं उतरेल तितकी हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक छिद्र असतं. ते बुजलं की टाकी पेट्रोल धरून ठेवते, वाटीतलं संपतं, इंजिन खोकतं. झाकण उघडलं की सुस्स करून हवा शिरते आणि पुढची साडेतीन मिनिटं मिळतात. सोमवारी अर्धा तास चाललं, म्हणजे छिद्र नंतर बुजलं. तेव्हा मेहुणे बाहेरगावी होते. हा लाल ठिपका नेलपॉलिशचा, आणि ती बाटली बुधवारी उघडी राहिली. मालकीणबाईंनी स्वतः केलं असतं तर स्वतःच बोभाटा केला नसता. उरलं कोण? वास वाया न घालवणारे काटकसरी.”

मालक उसळला. “अहो, त्या भोकातून पेट्रोल उडून जात होतं! कारखानदारांना अक्कल नाही, म्हणून मी—”

“जन्मभर माशांना हवा पुरवलीत,” आत्या म्हणाल्या, “आणि टाकीचं नाक दाबलंत.”

मेकॅनिकबाईने सुईने ठिपका खरवडला, छिद्र मोकळं केलं, जनरेटर सुरू करायची दोरी ओढली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. वीस मिनिटं. जनरेटर एकदाही खोकला नाही. मालकाच्या तोंडाला एवढी लांब विश्रांती पहिल्यांदाच मिळाली असावी.

“झालं गेलं,” तो शेवटी म्हणाला. “कागद काढतो. उद्यापासून ये कामाला.”

“कागद सगळ्या गल्लीने वाचलाय,” मेकॅनिकबाई म्हणाली. “आता तुम्ही तोंडाने सांगा. सगळ्यांसमोर.”

मालकाने मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. ती तिथे नव्हती. ती दारात उभी राहून समोरच्या दुकानदारांना हाका मारत होती.

“अहो, जरा या सगळे. ह्यांना काहीतरी सांगायचंय.”