शांततेतला होकार

अकरा वर्षं मी गाड्या विकल्या. शोरूममध्ये माझं नाव पडलं होतं 'होसाहेब', कारण माझ्या टेबलासमोर बसलेलं गिऱ्हाईक हो म्हटल्याशिवाय उठत नसे. त्यात जादू काही नव्हती. एक साधी युक्ती होती आणि नव्याने लागलेल्या प्रत्येकाला मी ती पहिल्याच दिवशी शिकवायचो. 'घ्यायची का?' असं कधी विचारायचं नाही. 'पांढरी की निळी?' असं विचारायचं. माणूस एकदा रंगात गुंतला की घ्यायची की नाही हा प्रश्न त्याच्या मनातून आपोआप निसटतो. दोन्हींपैकी काहीही म्हणाला तरी त्याचा अर्थ होच. आणि साहेब फारच आढेवेढे घ्यायला लागले, तर त्यांच्या मुलाला विचारायचं. मुलं पटकन सांगून मोकळी होतात.

हे सगळं सोडलं ते बायकोच्या एका वाक्यामुळे. एका सकाळी मी लेकीला विचारलं, "दूध आत्ता पितेस की वेणी घातल्यावर?" सहा वर्षांची पोर, मुकाट्याने "वेणी घातल्यावर" म्हणाली. बायको म्हणाली, "तिला दूध नकोच असेल, हे तुझ्या डोक्यातसुद्धा येत नाही. तू घरातही गाड्याच विकतोस." मी हसण्यावारी नेलं, पण ते बोलणं मला लागलं. चाळिशी तोंडावर आलेली असताना मी नोकरी सोडली, वर्षभर विशीतल्या पोरांच्या शेजारी बाकावर बसून शिकलो आणि एका कानतपासणी केंद्रात तंत्रज्ञ म्हणून लागलो.

"अकरा वर्षं बोलून बोलून लोकांचे कान किटवलेस," बायको म्हणाली, "आता बस तेच तपासत."

केंद्र चष्म्याच्या एका दुकानाच्या वर होतं. बाहेर चार खुर्च्या, आत केंद्र चालवणाऱ्या डॉक्टर मॅडमची खोली आणि सगळ्यात शेवटी माझी. माझ्या खोलीतच आणखी एक खोली होती, कपाटाहून जराशी मोठी. तिच्या भिंतींना भोकाभोकांचा पत्रा, दाराला चार बोटं जाडीचं रबर. ते दार लावलं की कानांवर हलका दाब येतो आणि स्वतःची थुंकी गिळल्याचा आवाजही ऐकू येतो. पेशंटला आत बसवायचं, हेडफोन घालायचे, हातात बटण द्यायचं. बाहेर मी मशीनपाशी. मधे ताटाएवढी काच. मी बारीक आवाज सोडायचा, त्याला ऐकू आला की त्याने बटण दाबायचं आणि माझ्यासमोर हिरवा दिवा लागायचा.

मधे मधे काहीच न सोडता गप्प बसावं लागतं, कधी पाच सेकंद, कधी वीस, म्हणजे पेशंटला अंदाज बांधता येत नाही. या शांततेत कुणी बटण दाबलं तर त्याला आम्ही चुकीचा होकार म्हणतो. घाबरट माणसं असे एक-दोन होकार देतातच. दिवसभर तोंड मिटून बसायचं हे काम मला मनापासून आवडलं होतं. पहिले दोन महिने मी खरोखर सुखात होतो.

तिसऱ्या महिन्यात एक निवृत्त मुख्याध्यापक आले. कडक इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं. उजवा कान झाला, डावा झाला, आणि शेवटच्या शांततेत त्यांनी बटण दाबलं. दिवा लागला. मी मशीनकडे पाहिलं. आवाज बंद होता. काचेपलीकडे ते मान डोलावून काहीतरी बोलत होते.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "सर, शेवटी काही ऐकू आलं का?"

"म्हणजे काय? तुम्हीच विचारलंत, डावा की उजवा. मी डावा म्हणालो." ते जरा चिडलेच. "वर्गात मुलं अशी विसरायची."

मी काहीच विचारलं नव्हतं. वयामुळे होतं असं, म्हणून मी सोडून दिलं. आठ दिवसांनी त्यांचा जावई त्यांना धरून घेऊन आला. डावा कान गेला होता. मी मशीनचा आवाज शेवटच्या टोकाला नेला, तरी ते शांत बसून राहिले. मॅडम म्हणाल्या, अशी नस अचानक जाते, कारण बऱ्याचदा कळत नाही. पुस्तकातही तसंच लिहिलं होतं. मी ते पान दोनदा वाचलं.

मग एक शिवणकाम करणाऱ्या आजी आल्या. गळ्यात टेप तशीच अडकवलेली. त्यांनीही शांततेत बटण दाबलं आणि हसत हसत बाहेर आल्या.

"काय बाई तुमची तपासणी! म्हणे, मशीन की सून? मी सून म्हटलं. मशीन काय, दुसरं मिळेल. पोरीने फार केलंय माझं."

"कोणी विचारलं, आजी?"

"अगं बाई! तुम्हीच की. तुमचाच तर आवाज."

पाचव्या दिवशी त्यांची सून एकटीच आली. डोळे सुजलेले. "पुन्हा तपासा हो त्यांना," ती म्हणाली. "नळ गळलेला ऐकू येतो, कावळा ऐकू येतो, मशीनचा दोरा तुटलेलासुद्धा ऐकू येतो. मी बोलले की बघतही नाहीत. मी काय केलं असेल?" मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

मी भोळसट माणूस नाही. मशीन उघडलं, वायरी तपासल्या, कंपनीच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने तासभर खपून सगळं ठीक असल्याचा कागद दिला. माझ्या आवाजाचं रेकॉर्डिंग कुठे असण्याचा प्रश्नच नव्हता. मग मी शांततेतले होकार मोजायला लागलो. दोन आठवड्यांत नऊ. काय ऐकलंत, हे विचारायचं मात्र मी बंद केलं. मला भीती वाटत होती, सरळ सांगतो.

त्याच सुमारास लेकीच्या शाळेतून चिठ्ठी आली. हाक मारली तरी लक्ष देत नाही, कान तपासून घ्यावेत. आठ वर्षांची आमची चिमणी वर्गात खिडकीबाहेर बघत बसते, हे आम्हाला ठाऊक होतं. पण बायको हटून बसली.

"बाप कानांचं काम करतो आणि पोरीचेच कान तपासायचे राहिलेत. लोक काय म्हणतील?"

"दुसरीकडे नेऊ."

"का? तुझ्याकडे काय वाईट आहे?"

मी आज उद्या करत राहिलो. खरं सांगितलं असतं तर तिने आधी माझंच डोकं तपासायला नेलं असतं. शेवटी तिने परस्पर मॅडमना फोन करून शुक्रवारी चारची वेळ घेतली.

शुक्रवारी दुपारी मॅडम डबा खायला बसल्या, तेव्हा मी ठरवलं की आधी आपणच आत बसून बघायचं. मशीन सुरू ठेवलं, आवाज बंद ठेवला. आत जाऊन दार ओढलं, हेडफोन घातले. पत्र्याची भोकं मोजत बसलो. माझा श्वास. माझी नाडी. मिनिटभर दुसरं काही नाही.

"नमस्कार साहेब."

माझाच आवाज होता. शोरूममधला: खालच्या पट्टीतला, आर्जवी, जरासा हसरा. दोन वर्षांत मी तो वापरला नव्हता आणि आपण असे बोलायचो याची मला लाज वाटली.

"बायको की मुलगी?"

माझ्या ओठांवर शब्द आलाही होता. खोटं कशाला बोलू, कोणीही दोन गोष्टी पुढे ठेवल्या की जीभ एकीकडे वळतेच. मी दात घट्ट आवळले. ही युक्ती मीच तीस जणांना शिकवली होती. काहीही म्हटलं तरी तो होच. यातून सुटायचं तर गप्प बसायचं, एवढा एकच मार्ग होता. मी अंगठा बटणापासून लांब धरला आणि गप्प बसलो.

"घाई नाही साहेब. दोन्ही छानच आहेत."

घाम कानामागून मानेवर उतरला.

मग एक बारीकसं हसू आलं. मोठ्या माणसांचा नाद सोडून पेनाला टोपण लावताना मी नेमका तसाच हसायचो.

"हरकत नाही. मग आपण छोट्या मॅडमनाच विचारू."

मी हेडफोन ओरबाडून काढले आणि बाहेर आलो. मशीनच्या मागून हेडफोनकडे जाणारी वायर उपटली आणि मुठीत घेतली. आता आत काहीही ऐकू जाणं शक्य नव्हतं. तेवढ्यात बाहेरच्या खुर्च्यांकडून चिमणीचा आवाज आला. शाळा लवकर सुटली होती आणि चारला यायच्या त्या दोघी अडीचलाच आल्या होत्या.

"मशीन बिघडलंय," मी मॅडमना सांगितलं. "आज नको."

"सकाळी तर चाललं." त्यांनी माझ्या मुठीकडे पाहिलं. "वायर गेली होय? कपाटात दुसरी आहे, शोधते मी. तोवर पोरीला आत बसवू, भीती मोडेल तिची. आणि तपासणी मी करेन. घरच्याने घरच्याला तपासू नये."

बायको माझ्याकडे बघत होती. नवी नोकरी, कायम व्हायला एक महिना, आणि मी घामाने भिजलेलो. मी ओरडायला हवं होतं. पोरीला उचलून जिना उतरायला हवं होतं. पण वायर माझ्या हातात होती, आणि तेवढ्यावर मी विसंबलो. ही चूक मी स्वतःला माफ करू शकणार नाही.

मी चिमणीसमोर गुडघ्यांवर बसलो. "आत कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. काहीही विचारलं तरी."

"तू विचारलंस तरी?"

मी तोंड उघडलं, पण मॅडमनी तिला हाताला धरून आत नेलं होतं. "चल गं राणी, अंतराळवीर होऊ या." हेडफोन तिच्या डोक्याला मोठे होत होते. दार लागलं. मॅडम कपाटाकडे गेल्या.

चिमणीने काचेतून मला हात केला. मीही केला.

मग तिने मान एका बाजूला कलती केली.

वायरीचं टोक माझ्या तळव्यात रुतत होतं. मी ते पुन्हा पाहिलं. तिथेच होतं.

चिमणी हसली, माझ्याकडे बघून. ओळखीचं काहीतरी ऐकल्यासारखी.

मी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही. तिला वाटलं, मी खेळतोय.

हिरवा दिवा लागला.

काचेपलीकडे तिचे ओठ हलले. एकदा मिटले, उघडले, पुन्हा मिटले, उघडले.

मी दाराला झोंबलो. रबर सुटता सुटेना. उघडलं तेव्हा ती हेडफोन काढून मांडीवर घेऊन बसली होती, खुशीत.

"काय विचारलं? चिमणे, काय म्हणालीस तू?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी बोलायला सुरुवात करेन, याची वाट बघत असल्यासारखी.

"काय झालं गं?" बायकोने मागून विचारलं.

"अगं आई, बाबाने विचारलं, आई की बाबा? मी बाबा म्हटलं!"

"बघा! बापाचीच लेक," बायको हसली. "मी मेलीने उगाच नऊ महिने वागवलं."

मॅडमनी नवी वायर लावून तपासणी केली. सगळ्या पट्ट्या, दोन्ही कान. "ठणठणीत आहे. टाचणी पडलेली ऐकेल. वर्गातलं काय, कंटाळत असेल." बायकोने माझ्या दंडाला चिमटा काढला, उगाच घाबरलास म्हणून.

मी पुढच्याच आठवड्यात ते काम सोडलं. ती खोली अजून तिथे आहे, तिथे नवीन माणूस लागलाय. मॅडमना मी सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी मला विश्रांती घ्यायला सांगितली.

घरात कुणाला काही कळलेलं नाही. बायको दोन खोल्या पलीकडून कुजबुजली तरी चिमणी धावत जाते. मी पाठीमागून हाक मारली तर तिची वेणीही हलत नाही. पण पोर हुशार आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती कावरीबावरी झाली, एकदा न्हाणीघरात एकटीच रडली, आणि मग तिने स्वतःचं स्वतः ठरवलं. आता ती जेवताना माझ्या शेजारी बसत नाही, समोर बसते. मी काही गमतीचं बोललो की ती आधी आईच्या चेहऱ्याकडे बघते आणि मग हसते. बायको कौतुकाने सांगते, "कशी टक लावून बघते बापाकडे!"

काल सकाळी ती समोर बसून चित्र रंगवत होती. बायको स्वयंपाकघरात होती. मी तिच्या वहीवर बोट टेकवलं. तिने वर पाहिलं. मी अजिबात आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, "माझं ऐकू येतं का गं तुला?"

"हो, बाबा," ती लगेच म्हणाली.